अभ्यास केला, तरी आठवत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि पालक सतत विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धडा तीनदा वाचला, वाचताना सगळं कळत होतं, पण पेपरात काहीच सुचलं नाही. असं का होतं?

ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लग्नात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही. धड्याचंही तसंच होतं. दुसऱ्या वाचनात वाक्यं ओळखीची झालेली असतात, डोळे भराभर सरकतात आणि या सरकण्यालाच आपण 'येतंय' समजतो. पेपरात समोर पुस्तक नसतं, फक्त प्रश्न असतो. तिथे लागणारं काम, म्हणजे कोरं पान समोर ठेवून डोक्यातून मजकूर बाहेर काढणं, तुम्ही घरी एकदाही केलेलं नसतं.

खात्री करायची असेल तर आत्ताच पुस्तक मिटा आणि काल वाचलेल्या धड्यावर दहा मिनिटं लिहा. कागदावर जेवढं उतरेल तेवढंच येतं असं धरा. पहिल्यांदा हा कागद बहुतेकांना लाज आणतो.

२. मग वाचायचंच नाही का? नेमकं करायचं काय?

वाचायचं, पण एकदा आणि लक्ष देऊन. त्यानंतरचा वेळ आठवण्यावर घालवायचा. क्रम असा ठेवा:

चार-पाच पानं किंवा एक पूर्ण मुद्दा वाचा. पुस्तक मिटून बाजूला ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत. कच्च्या वहीत आठवेल ते लिहा. पूर्ण वाक्यं नकोत, मुद्दे, आकृती, सूत्रं पुरे. अडलात तरी लगेच पुस्तकाकडे हात नेऊ नका. मिनिटभर थांबून 'याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं' असं चाचपडून बघा. मग पुस्तक उघडा आणि सुटलेलं किंवा चुकलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी नवीन धड्याला हात लावण्याआधी त्याच मुद्द्यावर पुन्हा कोरं पान घ्या. कालचा लाल भाग आज निळ्यात आला का, एवढंच पाहायचं.

बिघडतं ते चार ठिकाणी. पुस्तक शेजारी उघडं ठेवून 'जरा बघतो' म्हणणं. वाचून संपल्यावर दहा सेकंदांत लिहायला बसणं, कारण तेव्हा मजकूर अजून डोळ्यांसमोर तरंगत असतो. दोन मिनिटं पाणी पिऊन या. तिसरं, न लिहिता न बोलता मनातल्या मनात 'हो, हे येतं' म्हणून पुढे जाणं. आणि चौथं, लिहिलेलं ताडून न पाहणं (हे का महागात पडतं ते प्रश्न १० मध्ये).

३. ही पद्धत चालते याला पुरावा आहे का, की हे फक्त सांगोवांगी?

पुरावा भरपूर आहे आणि जुनाही आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांवर झालेला याच विषयाचा प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला होता.

सगळ्यात बोलका प्रयोग मात्र हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा, २००६ मधला. विद्यार्थ्यांना लहान उतारे दिले. एका गटाने चार फेऱ्यांत फक्त वाचायचं. दुसऱ्याने पहिल्या फेरीत वाचायचं आणि पुढच्या तीन फेऱ्यांत, उतारा न पाहता, आठवेल ते लिहायचं. वाचणाऱ्यांचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला, आठवणाऱ्यांचा तीन-साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले.

पाच मिनिटांचा तो आकडा नजरेआड करू नका. वाचणारा विद्यार्थी स्वतःला फसवत नसतो. वाचल्यावर लगेच त्याला खरंच जास्त येत असतं. फक्त बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

४. उजळणी किती दिवसांनी करायची? 'चोवीस तासांत ७० टक्के विसरतो' हे खरं का?

तो आकडा हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ च्या पुस्तकातून आलेला आहे. त्याने स्वतःवरच प्रयोग केले आणि पाठ केली ती मुद्दाम तयार केलेली निरर्थक अक्षरं. अर्थ असलेला, आधीच्या माहितीला जोडलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही. त्यामुळे टक्के पाठ करू नका. विसरण्याच्या वक्राचा (किती दिवसांत किती विसरतं याच्या आलेखाचा) आकार मात्र खरा आहे: सुरुवातीला उतार तीव्र, नंतर मंद.

अंतर किती ठेवायचं हे परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर वेगवेगळी अंतरं तपासली. आठवड्याभराने लागणाऱ्या गोष्टीसाठी साधारण एक-दोन दिवसांचं अंतर चांगलं ठरलं आणि वर्षाने लागणाऱ्यासाठी तीन-चार आठवड्यांचं. म्हणजे जूनमध्ये शिकलेलं फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहायचं असेल, तर लागोपाठ चार दिवस घोकण्यापेक्षा तेच चार तास चार महिन्यांत वाटलेले बरे.

आमचा सल्ला: पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच करा, कारण काहीच आठवेनासं झालं तर आठवण्याचा सराव होणार कसा? मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. तारखा दोन दिवस इकडे-तिकडे झाल्या तरी काही बिघडत नाही. तारखांचे तक्ते रंगवण्यात अर्धा रविवार गेला, तर ते मात्र बिघडणंच.

५. पत्ते (फ्लॅशकार्ड) करून काही फायदा होतो का? माझे तीनशे पत्ते पडून आहेत.

होतो. पण पत्ता करणं म्हणजे अभ्यास नव्हे, तो फिरवणं म्हणजे अभ्यास. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर याने १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्याची पद्धत आजही पुरते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याने पाच खण करा. नवा पत्ता (पुढे प्रश्न, मागे उत्तर) पहिल्या खणात जातो. तो खण रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा दोन आठवड्यांनी, पाचवा महिन्याने. उत्तर आलं तर पत्ता पुढच्या खणात. चुकलं तर, तो कुठल्याही खणातला असो, पुन्हा पहिल्यात. मोबाइलवरची ॲप हेच गणित आपोआप करतात.

एका पत्त्यावर एकच प्रश्न. '१८५७ च्या उठावाची कारणे' हा वाईट पत्ता आहे. त्यात सात-आठ गोष्टी येतात, पाच आठवतात आणि पत्ता बरोबर धरायचा की चूक हेच कळत नाही. '१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम १९ मधलं कोणतं स्वातंत्र्य वगळलं?' हा चांगला पत्ता. उत्तर एकच, मालमत्तेचं. त्याच्या जोडीला 'का वगळलं?' असा दुसरा पत्ता केला, तर सातची सहा स्वातंत्र्यं कशी झाली हे पाठ करावं लागत नाही, लक्षात राहतं.

तीनशे पत्ते पडून राहतात याचं कारण हिशेबात आहे. रोज २० नवे पत्ते घेतले आणि ते पाच खणांतून फिरू लागले, की दोन महिन्यांत रोजची उजळणी शंभर पत्त्यांवर जाते. चुकलेले त्यात वेगळेच. म्हणून रोज आठ-दहा नवे पुरेत. साचलेल्या तीनशेतले दोनशे बहुधा कामाचे नसतात, ते फाडून टाका. पत्ते तारखा, कलमं, संज्ञा, सूत्रं, रासायनिक अभिक्रिया यांना चालतात. गणिताला प्रश्न ७, मोठ्या उत्तरांना प्रश्न १४ पाहा.

६. पाठांतर वाईटच ना? हल्ली सगळे 'समजून घ्या, पाठ करू नका' म्हणतात.

हे अर्धसत्य आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टींची संख्या फार लहान असते. नेल्सन कोवान यांच्या २००१ मधल्या आढाव्यानुसार ती साधारण चार. सातवीतला मुलगा अपूर्णांकांची बेरीज करताना 'सात आठे?' इथेच अडला, तर त्याची एक जागा पाढ्यात गुंतली आणि छेद समान का करायचे हे धरायला जागा उरली नाही. पाढे पाठ असणं हे समजण्याच्या आड येत नाही, उलट समजायला जागा करून देतं.

वाईट आहे ते एकाच दिशेने, एकाच क्रमाने केलेलं पाठांतर. 'सात आठे' विचारल्यावर 'सात एके सात' पासून चढत येणाऱ्या मुलाला पाढा येतो, पण गुणाकार येत नाही. वेदपाठकांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. क्रमपाठात शब्द जोडीने येतात (पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा), जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, सुलट म्हटली जाते, घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा. ज्या परंपरेला आपण घोकंपट्टीचं उदाहरण म्हणून बोट दाखवतो, तिथेही सरळ घोकणं पुरेसं मानलेलं नाही.

तेव्हा पाढे मधूनच विचारा, व्याख्या देऊन संज्ञा विचारा, संज्ञा देऊन उदाहरण विचारा.

७. सरावसंच सगळा सोडवतो, उत्तरं बरोबर येतात. पेपरात मात्र कोणतं सूत्र लावायचं तेच कळत नाही.

कारण सरावसंचावर सूत्राचं नाव आधीच छापलेलं असतं. 'अंकगणित श्रेढी' या प्रकरणाखालची वीस उदाहरणं सोडवताना तुम्ही एक निर्णय कधीच घेत नाही: हे उदाहरण श्रेढीचं आहे की नाही? पेपरात गुण जातात ते नेमके इथे.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये चार घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं दोन गटांना दिली. एका गटाला एकेका प्रकाराची सलग, दुसऱ्याला मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर.

करायचं असं: नव्या प्रकाराची चार-पाच उदाहरणं सलग सोडवून रीत बसवा. मग थांबा. पुढच्या दिवसांत त्या संचातली दोन, वर्गसमीकरणांची दोन, संभाव्यतेचं एक, रेषीय समीकरणांचं एक अशी कागदावर मिसळून उतरवा, प्रकरणाचं नाव न लिहिता. सोडवण्याआधी प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा: 'हे कशाचं आहे आणि कशावरून?' वेळ कमी असेल तर नुसती ही ओळ लिहून पुढचं उदाहरण घेतलं तरी चालतं. वीस मिनिटांत पंधरा उदाहरणांची ओळख होते.

मिसळायचं ते एकमेकांशी गोंधळ होऊ शकणारं. गणिताच्या मधे इतिहास घुसवण्याला मिसळणं म्हणत नाहीत.

८. प्रकरण अगदी नवीन आहे, काहीच कळत नाही. तरी उत्तर न बघता झगडत बसायचं?

नाही. वरच्या पद्धतीला हा मोठा अपवाद आहे. पाया नसताना झगडणारा विद्यार्थी अंदाजाने सूत्रं लावत सुटतो, सगळं लक्ष त्या धडपडीत जातं आणि शिकायला उरत नाही. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं आहे, की नवख्याला सोडवलेली उदाहरणं अभ्यासणं जास्त फायद्याचं असतं.

मात्र ती 'वाचायची' नसतात. पुढच्या ओळीवर पट्टी ठेवा, ती काय असेल ते सांगा, मग पट्टी सरकवा. प्रत्येक पायरीला 'हे इथे का केलं?' विचारा. दुसरं उदाहरण शेवटच्या दोन पायऱ्या झाकून स्वतः पूर्ण करा, तिसरं अर्ध्यातून, चौथं पूर्ण स्वतः.

आणि रीत बसली की सोडवलेल्या उदाहरणांचा नाद सोडा. येत असलेली गोष्ट सोडवून दाखवलेली बघत राहण्यात वेळ जातो, काही वेळा प्रगती खुंटतेसुद्धा. क्लासचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघणाऱ्यांसाठी ही ओळ मुद्दाम लिहिली आहे.

९. हायलायटर, सुंदर नोट्स, माइंडमॅप यांचं काय?

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पुराव्यावर तोलल्या. सर्वांत वर दोनच आल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत वाटणं. रेघा ओढणं, पुन्हा वाचणं आणि सारांश लिहिणं तळाला गेलं. सारांश मुळातच वाईट नसतो, पण तो नीट लिहिता येणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते बहुतेकांना शिकवलेलंच नसतं.

गाइडमधून वहीत उतरवलेल्या नोट्स हा हाताचा व्यायाम आहे. त्याच नोट्स पुस्तक मिटून काढा, मग खऱ्या अर्थाने तुमच्या. माइंडमॅपलाही हेच लागू. हाताने लिहिणं लॅपटॉपपेक्षा श्रेष्ठ, असं सांगणारा २०१४ चा प्रयोग फार गाजला, पण नंतर तो पुन्हा करून पाहिल्यावर फरक तितका ठाम निघाला नाही. पेपर हाताने लिहायचा असेल तर सराव हाताने करा, एवढं पुरे.

१०. आठवून लिहिताना चुकीचं लिहिलं, तर चूकच पक्की होत नाही का?

लगेच किंवा त्याच दिवशी ताडून पाहिलं तर नाही. उलट ज्या उत्तराबद्दल अगदी ठाम होतात आणि ते चुकीचं निघालं, ती दुरुस्ती जास्त घट्ट बसते, असं प्रयोगांत दिसलं आहे. धक्का बसतो, लक्ष जातं.

धोका आहे तो बहुपर्यायी प्रश्नांत, उत्तरतालिका न पाहता पुढे जाणाऱ्यांना. चार पर्यायांत तीन चुकीचे, पण खरे वाटावेत असे लिहिलेले असतात. निवडलेला चुकीचा पर्याय पुढे 'कुठेतरी वाचलं होतं' म्हणून आठवू लागतो. टेस्ट सिरीजचे वीस पेपर सोडवून एकही न तपासणाऱ्यापेक्षा सहा पेपर सोडवून पूर्ण तपासणारा पुढे जातो.

तपासायची रीत: पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे 'ठ' (ठाम) किंवा 'अं' (अंदाज) लिहा. नंतर चार ढीग पडतात. ठाम-चूक हा सगळ्यात महत्त्वाचा, आधी तो घ्या. अंदाज-बरोबर याला 'येतं' धरू नका. नीटमध्ये चुकीला एक गुण कापला जातो आणि एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत पाव हिस्सा. आपले अंदाज कितपत बरोबर येतात हे या नोंदीतूनच कळतं.

११. मी 'व्हिज्युअल लर्नर' आहे. मला पाहूनच कळतं. मग?

शिकण्याच्या शैलीनुसार शिकवलं तर जास्त शिकता येतं, या समजुतीला हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही असं म्हटलं. आवड असते, ती खरी आहे. पण पद्धत ठरवावी ती विषयाने. कोकणातल्या नद्या नकाशावरच शिकायच्या, मग तुम्ही 'ऐकून शिकणारे' असा की आणखी कोणी. उच्चार ऐकूनच येतात.

१२. उद्या पेपर आहे आणि निम्मा पोर्शन बाकी आहे.

अंतराच्या गप्पा आता उपयोगाच्या नाहीत. अर्धवट येणारे मुद्दे आधी घ्या, कारण तिथे थोड्या वेळात जास्त गुण मिळतात. प्रत्येकाला एक वाचन, एक कोरं पान. अजिबात न उघडलेल्या प्रकरणातल्या फक्त व्याख्या आणि आकृत्या बघा. मग झोपा. झोपेत दिवसभराचं शिकलेलं पक्कं होतं आणि जागरण केलेल्या डोक्याला येत असलेलंही वेळेवर सापडत नाही. उद्याच्या पेपरापुरतं हे निभावेल, पण पुढच्या महिन्यात यातलं फारसं उरलेलं नसेल.

१३. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला विज्ञान इंग्रजीत. समजतं मराठीत, लिहिता येत नाही इंग्रजीत.

समजून मराठीतच घ्या, त्यात कमीपणा नाही. आठवण्याचा सराव मात्र परीक्षेच्या भाषेत करा. दोन टप्पे ठेवा. आधी कोऱ्या पानावर मराठीत, मग दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा तुटक इंग्रजीत, संज्ञा बरोबर आणि वाक्यं कशीही. संज्ञांचे पत्ते दोन्ही दिशांनी करा: 'प्रकाशसंश्लेषण' बघून 'फोटोसिंथेसिस' आणि उलटही. 'संवेग' आणि 'गती' असे जवळचे शब्द एकाच दिवशी नव्याने घेऊ नका, ते आधी सुटे बसवून मग शेजारी ठेवा.

१४. वर्णनात्मक पेपरांत मोठी उत्तरं लिहायची असतात. ती पाठ कशी करायची?

करूच नका. प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेलं उत्तर फसतं. उत्तराचा सांगाडा आठवा: पाच मिनिटांत सहा-सात मुद्दे, त्यांचा क्रम, प्रत्येकाला एक उदाहरण किंवा आकडा. असे चार सांगाडे रोज. त्यांतला एक पूर्ण विस्तारून, घड्याळ लावून, आठवड्यातून दोनदा लिहा.

१५. गाणी लावून अभ्यास केला तर चालतो का? आणि मोबाइल?

शब्द असलेली गाणी वाचन-लेखनाच्या आड येतात, कारण दोन्हीकडे शब्दच लागतात. आकृती रंगवताना लावा हवं तर. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

१६. ही पद्धत सुरू केल्यापासून अभ्यास जड वाटतो, वेळही जास्त लागतो. चुकतंय का?

जड वाटणं अपेक्षित आहे. रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९९० च्या दशकात याला 'हवीशी अडचण' असं नाव दिलं. पण प्रत्येक अडचण हवीशी नसते. आमचा ढोबळ अंदाज असा: दुसऱ्या दिवशीच्या कोऱ्या पानावर एक तृतीयांशही उतरत नसेल, तर तुकडा मोठा आहे किंवा मुळात समजलेलं नाही. तुकडा निम्मा करा किंवा प्रश्न ८ कडे जा. सगळंच सहज उतरत असेल तर अंतर वाढवा. पद्धत पारखायला दोन आठवडे द्या, तेही एकाच विषयात. सगळे विषय एका सोमवारी बदलणारे बहुधा गुरुवारपर्यंत जुन्या वाटेला लागलेले असतात.

१७. आम्ही पालक आहोत, विज्ञान आम्हाला येत नाही. मुलीचा अभ्यास कसा घ्यायचा?

विषय येण्याची गरज नाही. पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि धड्याखालचे प्रश्न उलटसुलट क्रमाने विचारा. उत्तर आलं की 'कशावरून?' विचारा. अडली तर दहा सेकंद गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला लगेच पहिलं अक्षर सुचवावंसं वाटतं. तरी नाही आलं, तर तिलाच पुस्तकात शोधायला लावा आणि तोच प्रश्न ताटं मांडताना पुन्हा विचारा. पंधरा मिनिटं पुरेत. 'किती वाचून झालं?' हा प्रश्न त्या पंधरा मिनिटांत विचारू नका.